मृत्युपत्र आणि वारसाहक्काचे वाद: मुंबईकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

फोनवर, मेलवर आणि सल्ल्यासाठी समोर बसल्यावर लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः हिंदू उत्तराधिकार कायदा ज्यांना लागू होतो त्यांच्यासाठी आहेत, म्हणजे हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख. बाकीच्यांनी आधी प्रश्न १९ वाचावा. घरची कागदपत्रं न बघता कोणी फोनवर ठाम सल्ला देत असेल, तर तो घेऊ नका.

१. वडील जाऊन आठवडा झाला. आत्ता लगेच काय करायला हवं?

महापालिकेकडून मृत्यूच्या दाखल्याच्या जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा. बँक, सोसायटी, विमा, पेन्शन, सगळीकडे लागतात. मग मृत्युपत्र शोधा: घरचं कपाट, बँकेचा लॉकर, वडिलांचे नेहमीचे वकील किंवा सीए, आणि दुय्यम निबंधक कार्यालय (प्रश्न १२). शेअर सर्टिफिकेट, फ्लॅटचा करारनामा, पासबुकं, भाडेपावत्या जिथे असतील तिथे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कागद पुढे जागा बदलतात.

काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं. वडिलांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका, कार्यासाठी लागले तरी नाही. मागाहून तोच व्यवहार "लपवून काढले" म्हणून समोर येतो. आणि दिवसकार्य चालू असताना, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना "सोसायटीला द्यायचंय, नुसती सही कर" म्हणून पुढे आलेल्या कागदावर सही करू नका. महिनाभर थांबल्याने कोणाचाही हक्क बुडत नाही.

२. मृत्युपत्र साध्या कागदावर आहे, स्टॅम्प नाही, रजिस्टरही केलेलं नाही. ते चालतं का?

चालतं. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ नुसार करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. प्रत्येक साक्षीदाराने त्यांना सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझीच सही" असं त्यांच्या तोंडून ऐकलेलं असावं. दोघे एकाच वेळी हजर असायलाच हवेत असं नाही.

नोंदणीचा फायदा पुराव्यापुरता आहे. नोंदवलेल्या मृत्युपत्रानंतर साध्या कागदावर नवं मृत्युपत्र रीतसर केलं, तर नवंच चालतं. व्हॉट्सअॅपवर "घर धाकट्याला" असं सांगणारा व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. फार तर दुसऱ्या पुराव्याला जोड.

३. मृत्युपत्रच नाही. मग कोणाला किती मिळतं?

पुरुष वारला तर पहिल्या वर्गातले वारस सारख्या हिश्शाने घेतात: पत्नी, मुलगे, मुली आणि आई. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं त्या मुलाच्या किंवा मुलीच्या जागी येतात. आधी वारलेल्या मुलाची विधवाही त्याच हिश्शात येते. मुलीचं लग्न झालं आहे की नाही याने काही फरक पडत नाही. इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो: मुलगा वारला तर आई पहिल्या वर्गात आहे, वडील नाहीत.

स्त्री वारली तर हिशोब वेगळा. आधी मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यानंतर. मूलबाळ नसेल तर माहेरून वारशाने आलेली मालमत्ता मात्र वडिलांच्या वारसांकडे परत जाते. या क्रमाचा त्रास कुठे होतो ते प्रश्न २३ मध्ये.

४. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं एकट्याचं नाव आहे. मग फ्लॅट माझाच ना?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे, आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही. नाही, एवढ्याने फ्लॅट तुमचा होत नाही.

नॉमिनी म्हणजे सोसायटीने, बँकेने किंवा कंपनीने कोणाच्या हाती द्यायचं हे ठरवणारं नाव. मालक कोण हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितलं. फ्लॅटच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ पासून कलम १५४ब-१३ आहे. त्यानुसार मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला (हे दोन्ही प्रश्न ६ मध्ये) किंवा कुटुंबातल्या वाटणीचा लेख यांच्या आधारे सोसायटी हक्क हस्तांतरित करते, आणि तोपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेते. तात्पुरता हा शब्द कायद्यातलाच आहे. सेक्रेटरीने शेअर सर्टिफिकेटच्या मागे तुमचं नाव लिहिलं म्हणून बहिणीचा हिस्सा संपत नाही. आणि तुम्हीच ती बहीण असाल तर "नॉमिनेशन झालंय, आता काही होणार नाही" हे ऐकून गप्प बसायचं कारण नाही. सोसायटीला लेखी हरकत द्या, पोच घ्या. हरकत आल्यावर सोसायटी किंवा सहकारी संस्थांचे उपनिबंधक मालकीचा निवाडा करू शकत नाहीत. तो दिवाणी न्यायालयाचा विषय आहे.

दोन अपवाद लक्षात ठेवा. विम्याच्या पॉलिसीत आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम नॉमिनीचीच मानली जाते. भविष्य निर्वाह निधीचे नियमही वेगळे आहेत. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. त्यांतल्या टक्केवारीलाच लोक हिस्सा समजू लागले आहेत. तीही ताब्याचीच टक्केवारी आहे.

५. मुंबईत प्रोबेट सक्तीचं असतं असं ऐकलं होतं, आता सक्ती गेली असंही ऐकतो. खरं काय?

दोन्ही खरं. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा न्यायालयाचा शिक्का, आणि तो मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकाला म्हणजे एक्झिक्युटरला मिळतो. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २१३ मुळे मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या स्थावर मालमत्तेबद्दलच्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि पारशी मृत्युपत्रांना प्रोबेट घेतल्याशिवाय न्यायालयात हक्क सांगता येत नसे. ठाणे, कल्याण, नवी मुंबईला ही अट नव्हती. मुलुंडला होती आणि खाडीपलीकडे नव्हती, असा प्रकार. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रिपीलिंग अँड अमेंडिंग अॅक्टद्वारे कलम २१३ काढून टाकलं.

सक्ती गेली, प्रोबेट गेलं नाही. अर्ज करायची तरतूद, पद्धत आणि उच्च न्यायालयाचं अधिकारक्षेत्र जागेवर आहेत. आधीपासून चालू असलेले अर्ज आपोआप निकाली निघत नाहीत. सगळे वारस एकमताचे असतील, तर मृत्युपत्र आणि सर्वांची संमती यांवर सोसायटीकडे जाऊन बघा. हट्टाने प्रोबेटच मागत असतील तर लेखी कारण मागा. पण एकाही वारसाने तोंड वाकडं केलं असेल तर प्रोबेट घ्या, असंच आम्ही सांगतो. प्रोबेट सर्व जगाविरुद्ध लागू होतं. ते नसेल तर तीच भांडणं वाटणीच्या दाव्यात, सोसायटीत आणि बँकेत तीनदा लढावी लागतात, आणि फ्लॅट विकताना खरेदीदाराचा वकील कागद मागतोच.

६. प्रोबेट, लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला: यातलं मला नेमकं काय लागेल?

मृत्युपत्र आहे आणि त्यात एक्झिक्युटर नेमलेला आहे: प्रोबेट. मृत्युपत्र आहे पण एक्झिक्युटर नेमलेला नाही, वारला किंवा नको म्हणतो: मृत्युपत्र जोडलेलं लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था बघायचा न्यायालयाने दिलेला अधिकार. मृत्युपत्र नाही आणि फ्लॅटसह सगळी मालमत्ता आहे: साधं लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन. फक्त ठेवी, शेअर्स, म्युच्युअल फंड: सक्सेशन सर्टिफिकेट. त्यावर फ्लॅटची मालकी मिळत नाही, तरी लोक तेच घेऊन येतात. न्यायालयाचा वारस दाखला महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली मिळतो. हो, पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा हा कायदा, अजून चालू आहे.

बँक खात्याला नॉमिनी असेल तर बँकेने यातलं काहीही मागू नये.

७. खर्च किती, वेळ किती?

महाराष्ट्रात प्रोबेटच्या न्यायालयीन शुल्काला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. मुंबईच्या कोणत्याही फ्लॅटची किंमत लावली की ही मर्यादा गाठली जाते. म्हणजे शुल्क कोटींच्या प्रमाणात वाढत नाही. वकिलाची फी वेगळी आणि ती आधी लेखी ठरवून घ्या. विरोध नसेल तर काम महिन्यांत होतं. विरोध असेल तर वर्षं जातात. किती, हे साक्षीदार किती आणि कोण किती तारखा घेतं यावर आहे. रजिस्ट्रीने म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयाने काढलेल्या त्रुटी वेळेत दुरुस्त न केल्यानेच कित्येक बिनविरोध अर्ज रखडतात, तेव्हा दर पंधरवड्याला वकिलांना विचारत राहा.

मृत्यूला तीन वर्षं होऊन गेली असतील तर अर्जात उशिराचं कारण द्यावं लागतं. उशीर झाला म्हणून दार बंद होतं असं समजू नका, पण विचारलं जाणारच.

८. भावाने प्रोबेटचा अर्ज केला आहे आणि मला उच्च न्यायालयाची सायटेशन आली आहे. मला मृत्युपत्र मान्य नाही. काय करू?

पाकीट कधी मिळालं ती तारीख आधी त्यावरच लिहून ठेवा. सायटेशन म्हणजे अर्ज झाल्याची वारसांना कळवणारी न्यायालयाची नोटीस. ती मिळाल्यापासून मुदत थोडी असते, सहसा चौदा दिवसांची. तेवढ्यात कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय प्रोबेट देऊ नका, अशी लेखी हरकत) दाखल करायचं आणि त्यानंतर आठ दिवसांत त्याच्या पुष्टीचं प्रतिज्ञापत्र. नुसतं कॅव्हेट टाकून "वकील बघतील" म्हणून घरी बसलेल्यांची कॅव्हेटं प्रतिज्ञापत्राअभावी बाद होतात. मुदत हुकली तर उशीर माफ करून घेता येतो, पण मग पहिली लढाई त्याच्यावरच.

प्रतिज्ञापत्रात दोन गोष्टी हव्यात. पहिली, तुमचं नातं आणि मृत्युपत्र नसतं तर तुम्हाला काय मिळालं असतं. यालाच कॅव्हेट टाकण्याइतका हितसंबंध म्हणतात. तो नसला तर शेजारी, भाडेकरू किंवा बिल्डर यांना कॅव्हेट टाकता येत नाही. दुसरी, नेमक्या हरकती: सही त्यांची नाही, त्या दिवशी ते अतिदक्षता विभागात होते, साक्षीदार भावाच्या ऑफिसातले आहेत. "मृत्युपत्र खोटं आहे" एवढंच लिहिणं म्हणजे हरकत न घेण्यासारखं.

यानंतर अर्जाचा दावा होतो. भाऊ वादी, तुम्ही प्रतिवादी. एक मर्यादा आधीच समजून घ्या. "फ्लॅट मुळात माझ्या पैशांनी घेतला होता" हा मुद्दा इथे चालत नाही. प्रोबेट न्यायालय मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं. मालकीसाठी वेगळा दावा करावा लागतो.

सायटेशनबरोबर संमतीचं प्रतिज्ञापत्र सही करायला आलं असेल, तर मृत्युपत्राची प्रत वाचल्याशिवाय त्यावर पेन टेकवू नका.

९. मृत्युपत्र संशयास्पद आहे हे कसं दाखवायचं? सिद्ध मी करायचं की भावाने?

मृत्युपत्र रीतसर झालं आणि करणारा शुद्धीत, समजून-उमजून सही करत होता, हे ते पुढे करणाऱ्याने सिद्ध करायचं. संशय घेण्यासारख्या गोष्टी असतील तर त्यांचं निरसनही त्यानेच करायचं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासून हे स्पष्ट केलं आहे. मात्र फसवणूक, जबरदस्ती किंवा दबाव असा थेट आरोप तुम्ही केला, तर तो तुम्हाला सिद्ध करावा लागतो. म्हणून आरोप जपून करा.

मूळ कागद तपासायला मिळाला की तासभर त्याच्याबरोबर बसा. शेवटच्या पानावर मजकुराची एकच ओळ आणि खाली सह्या, बाकीच्या तीन पानांवर सही नाही: असं आढळलं तर आधीची पानं बदलली गेली का हा प्रश्न उभा राहतो. स्टेपलच्या भोकांचा जोड प्रत्येक पानावर जुळतो का? आजीला मराठीशिवाय काही वाचता येत नव्हतं आणि मृत्युपत्र कायदेशीर इंग्रजीत आहे; तिला वाचून, समजावून सांगितल्याची नोंद आहे का? पत्नीला, आजारी मुलाला वगळलं आहे आणि कारणाची एक ओळ नाही? सगळं मिळालेल्या मुलानेच वकील ठरवला, टाइप करून घेतलं, साक्षीदार आणले? वरकरणी लहान दिसणाऱ्या या गोष्टीच न्यायालय एकत्र बघतं. यातली एखादी असली म्हणजे मृत्युपत्र पडलं असंही नाही.

सहीच्या तुलनेसाठी त्याच काळातल्या, सहज केलेल्या सह्या शोधा. पेन्शनर असतील तर दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यावर केलेली सही बँकेत असते, आणि ती तारखेसकट असते, म्हणून आम्ही आधी तीच मागतो. रुग्णालयाचे केस पेपर ताबडतोब मागा. डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी ठेवायची किमान मुदत उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षांची आहे. तुमची केस साक्षीला येईपर्यंत त्या रद्दीत गेलेल्या असू शकतात.

१०. साक्षीदारांपैकी एक वारला, दुसरा सापडत नाही. आणि ज्याला फ्लॅट मिळाला त्याच्या बायकोनेच साक्षीदार म्हणून सही केली असेल तर?

दोनपैकी एक साक्षीदार हयात आणि न्यायालयात येऊ शकणारा असेल तर त्याला आणावंच लागतं. हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात आहे, जो १ जुलै २०२४ पासून लागू झाला. दोघेही उपलब्ध नसतील तर त्यांची आणि करणाऱ्याची सही ओळखणाऱ्यांच्या साक्षीने काम चालतं.

लाभ घेणारा किंवा त्याचा जोडीदार साक्षीदार असेल तर ख्रिस्ती आणि पारशी मृत्युपत्रात त्याचा लाभ रद्द होतो. हिंदू मृत्युपत्राला ते कलम लागू नाही, त्यामुळे लाभ आपोआप जात नाही. पण संशयाच्या यादीत ही बाब ठळक बसते (प्रश्न ९).

११. बाबांनी सगळं धाकट्याच्या नावावर केलं. मुलाला किंवा मुलीला असं पूर्णपणे वगळता येतं का? आणि ही वडिलोपार्जित मालमत्ता होती तर?

स्वकष्टार्जित असेल तर वगळता येतं, कारणही सांगायची गरज नाही. अवलंबून असलेल्या पत्नीचा, अज्ञान (वयात न आलेल्या) मुलांचा पोटगीचा हक्क मात्र मृत्युपत्राने संपत नाही.

"वडिलोपार्जित" हा शब्द फार सैल वापरला जातो. आजोबा १९५६ नंतर वारले, मृत्युपत्र न करता, आणि त्यांचा स्वतःचा फ्लॅट वारशाने बाबांकडे आला, तर तो सहसा बाबांचा स्वतंत्रच मानला जातो. नातवंडांचा त्यावर जन्मतः हक्क नसतो. गिरगाव, दादरच्या बहुतेक केसेस अशाच निघतात. कोकणातली, देशावरची एकत्र कुटुंबाची जमीन हा वेगळा विषय. तिथे ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी मुलासारखीच सहदायाद म्हणजे जन्मतः हिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायला हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत लेखाने किंवा न्यायालयाच्या हुकमाने झालेली वाटणी मात्र उघडता येत नाही. सातबाऱ्यावर फक्त भावांची नावं लागली आहेत म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. फेरफार महसुलासाठी असतो. एकत्र मालमत्तेतला स्वतःचा हिस्सा बाबांना मृत्युपत्राने देता येतो, इतरांचा नाही.

१२. मृत्युपत्र आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण मूळ प्रत भावाच्या ताब्यात आहे आणि तो दाखवत नाही.

ते नोंदवलेलं असेल तर सोपं आहे. करणारा हयात असेपर्यंत नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला दाखवून कोणालाही ती मागता येते. नोंदवलेलं नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्या आणि उत्तर आलं नाही तर मृत्युपत्र नाही असं धरून वाटणीचा दावा किंवा लेटर्सचा अर्ज करा. लपवलेला कागद तेव्हा आपोआप बाहेर येतो. झेरॉक्स किंवा मसुदा हाती असेल तर मूळ हरवलं आहे किंवा अडवून ठेवलं आहे असं दाखवून नकलेवरही प्रोबेट मागता येतं.

१३. केस चालू असतानाच भाऊ फ्लॅट विकायला निघाला आहे.

मुंबईपुरती एक गोष्ट वकीलही कधी कधी विसरतात. दावा प्रलंबित असताना केलेल्या विक्रीवर निकाल बंधनकारक असतो हा नियम देशभर आहे, पण बृहन्मुंबईतल्या स्थावर मालमत्तेसाठी त्या दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर हे संरक्षण मिळत नाही. दावा दाखल झाला की त्याच आठवड्यात ती नोंदवा.

मनाई हुकमाचा अर्ज करा. प्रोबेटच्या दाव्यात न्यायालय तात्पुरता प्रशासकही नेमू शकतं. सोसायटीला कळवा. आणि खरेदीदाराच्या वकिलाची "तमाम लोकांस कळविण्यात येते" छापाची जाहीर सूचना वर्तमानपत्रात आली, तर तिला मुदतीत लेखी हरकत पाठवा. तेवढ्यानेच बरेच सौदे थांबतात, कारण गृहकर्ज देणारी बँक मागे सरते.

१४. मी सोसायटीसाठी एनओसी दिली होती. माझा हक्क गेला का? आणि हक्कसोडपत्रावर सही केली असेल तर?

साध्या कागदावरच्या एनओसीने फ्लॅटमधला हिस्सा जात नाही. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. तरी एनओसी न्यायालयात तुमच्याविरुद्ध दाखवली जाईल, तेव्हा ती कोणत्या परिस्थितीत दिली हे आत्ताच लिहून ठेवा.

नोंदवलेलं हक्कसोडपत्र केवळ मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवून किंवा दुसराच कागद म्हणून सही घेतली असेल तर ते रद्द करण्याचा दावा, ते कळल्यापासून तीन वर्षांच्या आत.

१५. लालबागची पागडीची खोली आहे. वडिलांनी मृत्युपत्रात ती मला दिली. भाऊ शेवटपर्यंत तिथे त्यांच्याबरोबर राहत होता. खोली कोणाची?

बहुधा भावाची, आणि हे मृत्युपत्र त्याला अडवणार नाही. पागडीची खोली मालकीची नसते, ती भाडेहक्काची असते. तो हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या भाडे कायद्याखाली १९९४ मध्ये ठरवलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो; असा कोणी नसेल तर वारसांपैकी एक. आपसात जमलं नाही तर कोण, हे न्यायालय ठरवतं. मुंबईत ते लघुवाद न्यायालय, धोबी तलावचं.

म्हणून इथे लढाई "त्या दिवशी कोण राहत होतं" यावर होते. रेशनकार्ड, मतदारयादी, वीजबिल, गॅसचं पुस्तक, मुलांच्या शाळेचा पत्ता, बाजूच्या खोलीतल्या लोकांची साक्ष. विरारला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारा आणि गणपतीत चार दिवस येणारा मुलगा "बरोबर राहणारा" ठरणं अवघड. घरमालकाने भाडेपावती कोणाच्या नावे फाडली याने प्रश्न सुटत नाही, पण पुनर्विकासाच्या करारात ज्याचं नाव पावतीवर त्याच्याशीच बिल्डर बोलतो. त्यामुळे पुनर्विकासाची पहिली सभा होण्याआधी हा वाद सोडवा किंवा घरमालक आणि बिल्डर दोघांना लेखी कळवा.

१६. वडिलांनी मला कुलमुखत्यारपत्र दिलं होतं. त्यावर फ्लॅट विकू शकतो का?

नाही. देणारा वारला की असं मुखत्यारपत्र संपतं.

१७. भाऊ अमेरिकेत आहे. त्याची सही, संमती कशी घ्यायची?

तिथल्या नोटरीसमोर सही आणि त्यावर अपॉस्टिल (परदेशात चालावा म्हणून कागदावर मिळणारा सरकारी शिक्का), किंवा भारतीय वकिलातीत सही. मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. ईमेलवरची "मला चालेल" ही संमती न्यायालयात उपयोगाची नाही.

१८. वडिलांचं दुसरं कुटुंब होतं, हे ते गेल्यावर कळलं. त्यांनाही हिस्सा?

पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल असतं, त्यामुळे ती स्त्री पत्नी म्हणून वारस होत नाही. तिच्या मुलांचं तसं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार ती वडिलांच्या मालमत्तेपुरती औरस धरली जातात आणि तुमच्याइतकाच हिस्सा घेतात. सप्टेंबर २०२३ च्या निकालानुसार, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वडिलांच्या वाट्याला जेवढं आलं असतं, त्यातही त्यांचा वाटा असतो. त्यांना अर्जात पक्षकार न करता दाखला मिळवाल, तर तो पुढे रद्द होऊ शकतो (प्रश्न २२). आई हयात असताना हे तिला कोणी आणि कसं सांगायचं, हा प्रश्न आमच्या कक्षेबाहेरचा असला तरी लोक तोच आधी विचारतात.

१९. आम्ही मुस्लिम, ख्रिस्ती किंवा पारशी आहोत. आमचे नियम काय?

मुस्लिम व्यक्तीला मृत्युपत्राने अंत्यविधी आणि कर्ज वजा जाता एक-तृतीयांशापर्यंतच देता येतं. त्याहून जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. सुन्नी कायद्यात एका वारसाला द्यायलाही इतरांची संमती लागते. मृत्युपत्र तोंडीही चालतं, आणि प्रोबेटची सक्ती त्यांना कधीच नव्हती. ख्रिस्ती मृत्युपत्रांची सक्ती २००२ मध्येच गेली. ख्रिस्ती आणि पारशी व्यक्तीने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं. हिंदूंचं होत नाही.

विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. दोघेही हिंदू असतील तर नाही; त्यांना हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू राहतो.

२०. वडिलांचं कर्ज आम्हाला फेडावं लागेल का? वारशावर कर आहे का?

कर्ज त्यांच्या मालमत्तेतून जातं. तुमच्या हाती जेवढं आलं तेवढ्यापुरतीच जबाबदारी. वसुलीवाल्याच्या धमकीला घाबरून स्वतःच्या नावावर कर्ज वळवून घेऊ नका. तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार असाल तर मात्र गोष्ट वेगळी. वारशावर कर १९८५ पासून नाही.

२१. आपसात मिटवता येईल का? आणि वकील परवडत नसेल तर?

मिटवता येतं, आणि बहुतेक घरांनी पहिल्या सहा महिन्यांत एकदा मनापासून प्रयत्न करावा असं आमचं मत आहे. उच्च न्यायालयात मध्यस्थी केंद्र आहे. मात्र मृत्युपत्र खरं की खोटं हे लवादाकडे देता येत नाही, आणि केवळ दोघांनी संमती दिली म्हणून प्रोबेटही मिळत नाही. मृत्युपत्र सिद्ध करावंच लागतं. म्हणून तडजोडीत सहसा कॅव्हेट मागे घेणं एका बाजूला आणि वाटणीचा नोंदणीकृत लेख दुसऱ्या बाजूला, असे दोन कागद होतात. पहिला करून दुसरा "नंतर बघू" असं कधीही करू नका.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. हिस्सा नाकारलेल्या कितीतरी बहिणींना हे माहीत नसतं.

२२. भावाने मला न कळवता प्रोबेट घेऊन टाकलं. आता उशीर झाला का?

ज्याला सायटेशन द्यायला हवी होती त्याला दिली नाही, वारस लपवले, नंतरचं मृत्युपत्र सापडलं, अशा कारणांवर भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६३ खाली प्रोबेट रद्द करून मागता येतं. अर्ज त्याच न्यायालयात. इथेही तीन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा उभा राहतो, तेव्हा कळल्याबरोबर हालचाल करा. सायटेशन जुन्या पत्त्यावर पाठवली होती का, हे न्यायालयाच्या फाईलमधल्या बजावणीच्या अहवालात दिसतं. पहिली नक्कल त्याचीच मागा.

२३. नवरा-बायको एकाच अपघातात गेले, मूल नाही. बायकोच्या पगारातून घेतलेला फ्लॅट तिच्या नावावर आहे. तिच्या आईवडिलांना मिळेल का?

आधी कोण गेलं हे कळत नसेल तर कायदा वयाने लहान असलेली व्यक्ती नंतर गेली असं गृहीत धरतो. ती लहान असेल तर तिच्या मृत्यूच्या क्षणी नवरा नाही, म्हणून फ्लॅट नवऱ्याच्या वारसांकडे जातो. ती मोठी असेल तर आधी नवऱ्याकडे जातो आणि त्याच्यामागून पुन्हा त्याच्याच वारसांकडे. दोन्ही बाजूंनी फ्लॅट सासरीच पोचतो. तिने माहेरून वारशाने मिळवलेलं तेवढं वडिलांच्या वारसांकडे परत जातं. तिने मृत्युपत्र केलं असेल तर यातलं काहीच लागू होत नाही. फ्लॅट ज्याला लिहून दिला त्याला मिळतो.